परळची बाटली ५३-एन : धनुर्वाताचे विष आणि हाफकिनवरचा ठपका (थ्रेड)

१/ ३० ऑक्टोबर १९०२. पंजाबच्या गुजरात जिल्ह्यातील मलकवाल हे गाव. त्या दिवशी तेथे १०७ जणांना प्लेगची लस टोचण्यात आली. लस पाच बाटल्यांतील होती आणि पाचही बाटल्या मुंबईहून, परळच्या प्रयोगशाळेतून आलेल्या होत्या. सुमारे आठवडाभराने त्यांपैकी १९ जणांची दातखीळ बसू लागली. मान ताठरली, पाठ धनुष्यासारखी वाकली. एकोणीसच्या एकोणीस दगावले. उरलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही. मृतांमध्ये समान दुवा एकच होता. सर्वांना एकाच बाटलीतील लस मिळाली होती. बाटलीचा क्रमांक ५३-एन.

२/ हे मृत्यू प्लेगचे नव्हते, धनुर्वाताचे होते. प्रश्न उभा राहिला तो असा : धनुर्वाताचा जंतू त्या बाटलीत शिरला कुठे? परळला, बाटली भरताना? की मलकवालला, बाटली उघडताना? या एका प्रश्नावर एका शास्त्रज्ञाची कारकीर्द, एका लशीची पत आणि पुढे लक्षावधी लोकांचा लशीवरचा विश्वास टांगणीला लागला. उत्तराची किल्ली होती जिवाणूच्या विषाच्या स्वभावात.

३/ आधी मुंबई. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. पाहता पाहता साथ गोदीच्या पट्ट्यातून गिरणगावात पसरली. माझगाव, घोडपदेव, भायखळा, परळ या सलग पट्ट्यात एकीकडे गोदी आणि धान्याची गोदामे, दुसरीकडे गिरण्या आणि दाटीवाटीच्या चाळी. उंदीर आणि माणूस एकाच छपराखाली राहत होते. १८९७ च्या आरंभी जवळजवळ निम्मे शहर गावाकडे निघून गेले होते.

४/ रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे १८६० साली जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन त्या वेळी हिंदुस्थानातच होते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली होती आणि बंगालमध्ये हजारोंना टोचली होती. सरकारने त्यांना ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईला धाडले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. तीन महिन्यांत लस तयार झाली आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली.

५/ त्या महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. घोडपदेवहून हा तुरुंग चालत जाण्याच्या अंतरावर आहे. कैद्यांना विचारण्यात आले, कोण टोचून घेणार? निम्म्याच्या आसपास कैदी पुढे आले. टोचलेल्यांपैकी दोघांना प्लेग झाला व दोघेही वाचले. न टोचलेल्यांपैकी बारा जणांना झाला व त्यांतील सहा मेले. आजच्या निकषांनी ही चाचणी तोकडी म्हणावी लागेल. कैद्याची ‘स्वेच्छा’ कितपत स्वेच्छा असते, हा प्रश्नही उरतोच. परंतु त्या काळी या आकड्यांनी लशीचे नाव झाले.

६/ प्रयोगशाळा मग जागा बदलत राहिली. काही काळ ती मलबार हिलवर होती. पुढे तिसऱ्या आगाखानांनी आपले माझगावचे ‘खुश्रू लॉज’ दिले आणि खोजा समाजातील हजारो लोकांना लस टोचून घ्यायला लावले. शेवटी १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये ‘प्लेग रिसर्च लॅबोरेटरी’ सुरू झाली. हा वाडा गव्हर्नरांनी सोडला त्याला एक निमित्त झाले होते : १८८० च्या दशकात गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी येथेच कॉलऱ्याने वारल्या. एका जिवाणुविषाने रिकामा केलेला राजवाडा पुढे जिवाणूंच्याच अभ्यासाला मिळाला, असे म्हणता येईल.

७/ लशीची कृती साधी, पण वेळखाऊ होती. मांसरसात प्लेगचे जंतू वाढवायचे. वर तुपाचा किंवा खोबरेल तेलाचा तवंग ठेवायचा. त्या तवंगाखाली जंतूंची वाढ झुंबरासारखी लोंबत उतरे. आठवड्यांमागून आठवडे असे वाढवून ते सारे ६५ ते ७० अंश सेल्सिअसला तासभर तापवायचे, म्हणजे प्लेगचे जंतू मरत. मग थोडे कार्बोलिक आम्ल घालून बाटल्या भरायच्या. इतका दीर्घ काळ जंतू वाढवण्यामागे हाफकिन यांचा एक विचार होता. जंतूंची शरीरे आणि त्यांनी भोवतीच्या द्रवात सोडलेली विषे, दोन्ही लशीत उतरावीत, अशी त्यांची धारणा होती.

८/ ‘जंतू सोडतात ते विष’ ही कल्पना त्या वेळी जेमतेम दहा-बारा वर्षांची होती. तोवरचा समज असा की जंतू शरीरात माजतात, शरीर पोखरतात, म्हणून माणूस आजारी पडतो. पण काही रोगांत हे जुळेना. घटसर्पात जंतू घशातच राहत, तरी बिघाड हृदयात होई. १८८८ साली पाश्चर संस्थेतील एमिल रू आणि अलेक्सांद्र येर्सें यांनी घटसर्पाच्या जंतूंचा रस अतिसूक्ष्म गाळणीतून गाळला. गाळलेल्या द्रवात एकही जंतू नव्हता, तरी तो टोचलेले प्राणी घटसर्पाच्याच खुणा दाखवून मेले. मारेकरी घशातून हललाच नव्हता. त्याने तेथूनच विष धाडले होते.

९/ धनुर्वाताची गोष्ट याहून विलक्षण. १८८९ साली बर्लिनमध्ये कोख यांच्या प्रयोगशाळेत शिबासाबुरो कितासातो यांनी धनुर्वाताचा जंतू शुद्ध स्वरूपात वेगळा केला. पुढच्याच वर्षी एमिल बेहरिंग आणि कितासातो यांनी दाखवून दिले की थोडे थोडे विष पचवलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवात त्या विषाचा उतारा तयार होतो, आणि तो रक्तद्रव दुसऱ्या प्राण्याला दिला तर त्यालाही वाचवतो. हेच प्रतिविष.

१०/ या जंतूच्या तीन सवयी ध्यानात ठेवाव्यात, कारण मलकवालचा सारा खटला त्यांवर फिरतो. पहिली, त्याला हवेतील प्राणवायू चालत नाही. म्हणून तो उघड्या ओरखड्यापेक्षा खोल, बंद जखमेत फोफावतो. दुसरी, प्रतिकूल काळात तो बीजाणूच्या रूपात कवच पांघरून पडून राहतो. हा बीजाणू ६५-७० अंशांना मरत नाही. मातीत, धुळीत, घोड्यागुरांच्या शेणात तो वर्षानुवर्षे टिकतो. तिसरी, तो वाढू लागला की द्रवाला दुर्गंधी येते.

११/ घोड्यांच्या ट्राम मुंबईत १९०५ पर्यंत धावत होत्या, तेव्हा या शहराच्या रस्त्यावरील धुळीत हे बीजाणू नसते तरच नवल. घोडपदेवलगतच्या रे रोड-दारूखाना भागात आज भंगार लोखंडाचा मोठा बाजार आहे, जुनी जहाजे तेथे तोडली गेली आहेत. पत्रा लागला, खिळा रुतला की कामगार दवाखाना गाठतो आणि ‘टीटी’ घेतो. लोकांचा समज असा की गंज विषारी असतो. दोष गंजाचा नाही. गंजलेल्या खडबडीत पृष्ठभागावर माती चिकटून राहते, आणि खिळ्याची जखम असते अरुंद व खोल. बीजाणूला हवी असलेली हवाबंद खोली खिळा स्वतःच खणून देतो.

१२/ आता विष नेमके काय करते? जखमेत जंतू वाढतो, मरतो, फुटतो आणि विष बाहेर पडते. हे विष म्हणजे एक प्रथिन. त्याचे दोन भाग एका दुव्याने जोडलेले असतात. मोठा भाग वाटाड्या, लहान भाग कात्री. वाटाड्या स्नायूला जाऊन भिडलेल्या चेतातंतूच्या टोकाला चिकटतो आणि आत घेतला जातो. पेशी आपला नेहमीचा माल टोकाकडून गाभ्याकडे ज्या वाटेने नेते, त्याच वाटेने विष उलटे चढत मज्जारज्जूत पोहोचते. ज्या पेशीतून ते आत आले, तिला सोडून ते शेजारच्या पेशीत शिरते. ही शेजारीण असते लगाम धरणारी चेतापेशी.

१३/ प्रत्येक हालचालीत एक स्नायू आखडतो तेव्हा त्याच्या विरुद्धचा सैल पडावा लागतो. ‘आता थांब’ हा निरोप या लगामी पेशी ग्लायसीन आणि गाबा या रसायनांच्या द्वारे देतात. ही रसायने सूक्ष्म पिशव्यांत भरलेली असतात. पिशवी पेशीच्या भिंतीला जोडली जाते ती काही प्रथिनांच्या आकड्यांनी. विषाची कात्री यातील नेमका एक आकडा, सिनॅप्टोब्रेव्हिन नावाचा, कापते. पिशव्या भरलेल्या राहतात, उघडत नाहीत. निरोप जात नाही. स्नायूंना आखडण्याचा हुकूम मिळत राहतो, थांबण्याचा मिळत नाही.

१४/ म्हणून दातखीळ. डोक्याकडचे चेतातंतू आखूड, विषाला वाट कमी, म्हणून जबडा बहुधा पहिला बंद होतो. मग मान, मग पाठ. पाठीचे बळकट स्नायू पोटाच्या स्नायूंवर मात करतात आणि शरीराची कमान होते. सुश्रुतसंहितेत वातव्याधींमध्ये वर्णिलेला ‘धनुःस्तंभ’ आणि मराठीतला ‘धनुर्वात’ ही नावे त्या कमानीवरूनच आली. दिवा लावला, भांडे वाजले, तरी झटका येतो. शुद्ध मात्र हरपत नाही. रुग्णाला सारे कळत असते. या रोगाचे क्रौर्य त्यातच आहे.

१५/ येथे एक गोष्ट नोंदवायला हवी. हे विष पेशीला मारीत नाही. पेशी जिवंत असते, तिचे एक प्रथिन तेवढे कापलेले असते, आणि माणूस मरतो. जिवाणुविष म्हणजे पेशी जाळणारे आम्ल, अशी जी ढोबळ प्रतिमा मनात असते ती येथे कोलमडते. वायुगँग्रीनच्या जंतूचे विष पेशीचे आवरण खरोखरच फाडते. घटसर्पाचे विष पेशीचा प्रथिने बनवण्याचा कारखाना बंद पाडून तिला उपाशी मारते. पण धनुर्वाताचे विष एका खिळीवर बोट ठेवते, इतकेच. त्याचेच भावंड असलेले बोट्युलिनम विष तीच कात्री चालवते, मात्र मज्जारज्जूत न चढता स्नायूच्या दारातच थांबते. म्हणून तेथे परिणाम उलटा : स्नायू आखडत नाहीत, लुळे पडतात.

१६/ आणि मात्रा? शरीराच्या एका किलो वजनामागे एका ग्रॅमच्या अब्जांशाच्या दोन-अडीच पट एवढे विष माणसाला पुरते. ही मात्रा इतकी अल्प आहे की शरीराच्या संरक्षक यंत्रणेला तिची धड ओळखही पटत नाही. धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही म्हणून पुढे लस घ्यावीच लागते. देवी एकदा येऊन गेली की पुन्हा येत नाही, हा अनुभव येथे लागू पडत नाही.

१७/ आता पुन्हा ५३-एन. सरकारने चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स. सोबत बॉमफर्ड आणि सेंपल हे दोन लष्करी डॉक्टर. आयोगापुढे आलेली परिस्थिती हाफकिन यांच्या विरुद्ध भासत होती. मागणी प्रचंड वाढल्याने परळला १९०२ मध्ये लस बनवण्याची पद्धत बदलली होती. जुन्या पद्धतीतील कार्बोलिक आम्ल नव्या पद्धतीत वगळले होते, भर उष्णतेने निर्जंतुक करण्यावर होता. उष्णता प्लेगच्या जंतूला मारते, धनुर्वाताच्या बीजाणूला मारीलच असे नाही, हे वर आलेच आहे. बाटली ५३-एन भरल्यापासून उघडेपर्यंत ४१ दिवस गेले होते. बंद बाटली, आत पोषक रस, हवा नाही. धनुर्वाताच्या जंतूला याहून सोयीचे घर कोणते?

१८/ आयोगाने निष्कर्ष काढला : दूषण बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळला, झाले असावे. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. १९०४ मध्ये ते हिंदुस्थान सोडून इंग्लंडला गेले. लष्करी वैद्यकीय सेवेतील अधिकाऱ्यांना हा परका, डॉक्टरीची पदवी नसलेला प्राणिशास्त्रज्ञ आधीपासून खुपत होता, असे इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. तो ज्यू होता हेही विसरता येत नाही. फ्रान्समधील ड्रायफस खटला तेव्हा ताजा होता आणि मलकवालच्या प्रकरणाला ‘छोटे ड्रायफस प्रकरण’ हे नाव पडले. तथापि केवळ पूर्वग्रहाची कथा म्हणून हे प्रकरण सांगणे सोपे आणि अपुरे आहे. आयोगाची शंका जीवशास्त्राच्या दृष्टीने निराधार नव्हती. कार्बोलिक वगळण्याचा निर्णय धोक्याचाच होता.

१९/ त्या शंकेला धक्का देणारे धागे मात्र चौकशीच्याच कागदांत होते. मलकवालला बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्वालेत तापवण्याऐवजी कार्बोलिकमध्ये नुसता विसळला गेला आणि त्यानेच बूच ओढले गेले. जमीन कोणती? पंजाबातील गावची, गुराढोरांचा वावर असलेली. बीजाणू कार्बोलिकच्या ओझरत्या बुडीने मरत नाहीत. आणि लस टोचणाऱ्या डॉक्टरांची साक्ष होती की बाटलीला दुर्गंध नव्हता.

२०/ येथे विषाचा स्वभाव साक्षीदार बनतो. जंतू परळलाच शिरला असता आणि ४१ दिवस बंद बाटलीत वाढला असता, तर दोन गोष्टी व्हायला हव्या होत्या. एक, बाटलीला घाण वास यायला हवा होता. दोन, सुईबरोबर जंतू नव्हे, तयार विषच मोठ्या मात्रेत शरीरात गेले असते, आणि तयार विष जितके अधिक तितकी लक्षणे लवकर दिसतात. पण मलकवालला लक्षणे दिसायला सुमारे आठवडा लागला. बीजाणू शरीरात जावेत, तेथे उगवावेत, वाढावेत, मग विष सोडावे आणि ते मज्जारज्जूपर्यंत चढावे, याला लागतो तेवढाच हा अवधी. म्हणजे शरीरात गेले ते विष नव्हे, बीज होते. आणि ते बीज बाटलीत नुकतेच पडलेले होते.

२१/ तयार विष सुईतून गेले की काय होते, याचे भीषण उदाहरण जगाने वर्षभरापूर्वीच पाहिले होते. १९०१ साली अमेरिकेतील सेंट लुइस शहरात घटसर्पाचे प्रतिविष ज्या घोड्याच्या रक्तद्रवापासून बनवले, त्या ‘जिम’ नावाच्या घोड्यालाच धनुर्वात झालेला होता. त्याचा रक्तद्रव न तपासता वाटला गेला आणि १३ मुले दगावली. त्या दुर्घटनेनंतर १९०२ मध्ये अमेरिकेत लशी व प्रतिविषांच्या उत्पादनावर नियंत्रण आणणारा कायदा झाला. हिंदुस्थानात त्याच वर्षीच्या दुर्घटनेतून निघाला तो एका माणसावरचा ठपका. दोन राज्यकर्त्यांच्या प्रतिसादातील हा फरक बोलका आहे.

२२/ १९०७ च्या प्रारंभी चौकशीचे कागद प्रसिद्ध झाले तेव्हा शास्त्रज्ञांनी ते उलगडून पाहिले. कलकत्त्याचे माजी आरोग्याधिकारी डब्ल्यू. जे. सिम्पसन यांनी हाफकिन यांची बाजू मांडली. मलेरियाचा वाहक डास शोधून नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस तर इरेला पेटले. २९ जुलै १९०७ च्या ‘टाइम्स’मध्ये रॉस, सिम्पसन, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेचे सायमन फ्लेक्सनर आदी दहा जणांच्या सहीचे पत्र छापून आले. परळच्या प्रयोगशाळेवरचा आरोप सिद्ध झालेला नाही, उलट तो स्पष्टपणे खोटा ठरतो, असे त्यांनी म्हटले. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने हाफकिन यांना पुन्हा हिंदुस्थानात काम देऊ केले.

२३/ ते परतले, पण परळला नाही. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत दुय्यम महत्त्वाचे काम त्यांच्या वाट्याला आले. काही वर्षांनी ते निवृत्त झाले आणि १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे वारले. परळच्या संस्थेला त्यांचे नाव १९२५ मध्ये, त्यांच्या हयातीतच, देण्यात आले : हाफकिन इन्स्टिट्यूट.

२४/ दोषमुक्तीचा हा शेवट सहसा येथे संपवला जातो. परंतु त्या पाच वर्षांत पंजाबात काय झाले? मोठ्या प्रमाणावर लस टोचण्याची योजना मलकवालनंतर कोसळली. लोकांना लशीची भीती बसली. ती भीती अडाणीपणाची होती असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही, कारण एकोणीस माणसे खरोखरच लस टोचून घेतल्यामुळे मेली होती. १९०७ या एका वर्षात हिंदुस्थानात प्लेगने सुमारे १३ लाख माणसे मेली, आणि त्यांत पंजाबचा वाटा सर्वांत मोठा होता. लस टोचली गेली असती तर किती वाचले असते याचा हिशेब मांडणे अवघड, पण तो शून्य नसता.

२५/ मुंबईने अविश्वासाचा पहिला धडा आधीच दिला होता. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर चाल केली होती. घरांची झडती, रुग्णांची सक्तीने उचल, रुग्णालयातून जिवंत परत येणारे थोडे, अशा वातावरणात सरकारी सुईकडे लोक संशयानेच पाहणार. घोडपदेव-भायखळ्याच्या चाळींतील माणसाला प्लेगचा जंतू दिसत नव्हता, शिपाई दिसत होता. मलकवालच्या वादात या बाजूची माणसे जवळजवळ अदृश्य आहेत. कागदोपत्री सारा वाद हाफकिन यांच्या अब्रूचा झाला. ज्यांच्या दंडात सुई गेली ते एकोणीस जण त्यात केवळ संख्या म्हणून उरले.

२६/ विज्ञान मात्र पुढे सरकले. १९२० च्या दशकात फ्रान्समध्ये गास्तों रामों यांनी जिवाणुविष फॉर्मॅलिन व सौम्य उष्णतेने असे बदलले की त्याची मारकता जाईल, पण शरीराला त्याची ओळख पटेल. हाच टॉक्सॉइड. टीटीच्या सुईत जंतू नसतो, असते ते दात काढलेले विष. लस घेतलेल्याच्या रक्तातील प्रतिपिंडे विषाला पेशीच्या दारातच गाठतात. दाराच्या आत गेलेल्या विषाला उतारा नाही. म्हणून जखम झाल्यावर डॉक्टर घाई करतात.

२७/ कॉलऱ्याच्या विषाचा उलगडा तर हिंदुस्थानातच झाला. कोख यांनी १८८० च्या दशकात विषाची कल्पना मांडली होती, पण पुरावा हाती यायला पाऊणशे वर्षे लागली. १९५९ मध्ये कलकत्त्याचे शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात जंतुविरहित गाळीव द्रव सोडला आणि तो तुकडा पाण्याने टम्म फुगला. पुढे कळले की हे विष आतड्याच्या पेशीतील एक कळ ‘चालू’ अवस्थेत अडकवते. पेशी क्षार बाहेर टाकत राहते, पाणी त्याच्या मागोमाग जाते. येथेही पेशी मरत नाही. तिची साखर-मीठ एकत्र शोषण्याची वाट शाबूत राहते, आणि मीठ-साखर-पाण्याचे साधे मिश्रण माणूस वाचवते ते याच वाटेने. लेडी फर्ग्युसन यांच्या उशाशी साम्राज्यातले उत्तमोत्तम डॉक्टर असतील, पण हे पाणी नव्हते.

२८/ धनुर्वाताच्या विषाची कात्री नेमके काय कापते, हे १९९२ मध्ये इटलीतील पादुआ येथे सापडले. म्हणजे मलकवालच्या वादात दोन्ही बाजूंचे पंडित ज्या विषाविषयी भांडत होते, त्याचे खरे काम त्यांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांच्या हाती होता वास, दिवसांची मोजणी आणि एक पडलेला चिमटा.

२९/ परळच्या संस्थेत पुढे घोड्यांच्या रक्तद्रवापासून प्रतिविषे तयार होऊ लागली. पुण्याच्या पूनावाला घराण्याच्या अश्वशाळेतील वयस्क घोडे हाफकिनला पुरवले जात. त्यातूनच १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली, आणि तिचे सुरुवातीचे उत्पादन होते धनुर्वातविरोधी सीरम. ज्या रोगाच्या १९ मृत्यूंनी परळच्या प्रयोगशाळेला काळिमा लागला, त्याच रोगाचा उतारा त्या प्रयोगशाळेच्या सावलीत व्यवसाय बनला.

३०/ या रोगाचा सर्वांत मोठा बळी मात्र कामगार कधीच नव्हता. तो होता नवजात अर्भक. अस्वच्छ विळ्याने, पात्याने नाळ कापली, तिला माती किंवा शेण लावले की चौथ्या-पाचव्या दिवसापासून पुढे बाळ दूध ओढीनासे होई, आणि काही दिवसांत जाई. गरोदर स्त्रीला टीटी दिली की तिची प्रतिपिंडे वारेतून बाळाला मिळतात. तिच्या दंडातील सुई तिच्यापेक्षा बाळासाठी अधिक असते. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य केले. निर्मूलन याचा अर्थ येथे मर्यादित आहे : प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण. बीजाणू मातीत आहेत तसेच आहेत. देवीप्रमाणे हा रोग पृथ्वीवरून पुसता येणार नाही, कारण तो माणसाकडून माणसाकडे जात नाही, मातीतून येतो.

३१/ मलकवाल आता पाकिस्तानात, मंडी बहाउद्दीन जिल्ह्यात आहे. परळचे जुने गव्हर्नमेंट हाउस आचार्य दोंदे मार्गावर, टाटा रुग्णालयाच्या शेजारी उभे आहे.